कमान, पोस्ट आणि पंगत : समाजासमाजांतील तंट्यांविषयी वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत जात, धर्म आणि गावकी यांच्यातील तंट्यांविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांना त्रास होऊ नये म्हणून नावे आणि गावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभारण्याचे ठरले आणि नावावरून गावात दोन तट पडले. दलित वस्तीतील लोकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव हवे आहे. बाकीच्यांचे म्हणणे असे की ग्रामदैवताचे नाव असावे. ‘नावाला आमचा विरोध नाही’, असे दोन्हीकडचे लोक सांगतात. तहसीलदारांसमोर बैठका झाल्या, तोडगाही निघाला, पण तो टिकला नाही. ज्यांच्या शेतांचा बांधाला बांध लागून आहे, ती माणसे यंदा एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेली नाहीत. एका कमानीपायी असे का व्हावे, आणि आम्ही शिक्षक मंडळींनी यात काय करावे?
(एक प्राथमिक शिक्षक, वाळवा तालुका)

उत्तर : गुरुजी, कमानीवरून काय होऊ शकते हे तुमच्या जिल्ह्याने याआधी पाहिले आहे. सप्टेंबर २००९ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत पोहोचले. २०२३ मध्ये मिरज तालुक्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाच्या कमानीचे बांधकाम पाडले गेले, तेव्हा तेथील दलित कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या दिशेने चालत निघाली. या दोन प्रसंगांची कारणे वेगळी आहेत, त्यांतली दुखावलेली बाजूही वेगळी आहे, आणि ते एका मापाने मोजू नयेत. पण दोन्हीकडे वाद विटा-सिमेंटपेक्षा फार मोठ्या गोष्टीचा होता.

वेशीवरचे नाव हे गाव कोणाचे आहे याचे उत्तर देते, अशी भावना दोन्ही बाजूंना असते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, त्याला ते नाव म्हणजे या गावात आपला बरोबरीचा वाटा आहे याची उघड कबुली वाटते. जो समाज आजवर ‘गाव’ म्हणजे आपणच असे समजत आला, त्याला तेच नाव आपली जागा जात असल्याची खूण वाटते. शेतीचा खर्च निघत नाही, मुलांना नोकऱ्या नाहीत, मुलांची लग्ने जमत नाहीत, अशा घरांमध्ये ही भीती लवकर पेटते. ती भीती खरी आहे, म्हणून तिची टिंगल करू नये. पण तिचे कारण वस्तीतील लोक नाहीत, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे.

यात माणसाच्या स्वभावाचाही भाग आहे. हेन्री ताजफेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. दोन अनोळखी चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात अशासारख्या क्षुल्लक निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले आणि प्रत्येकाला दोन्ही गटांतील मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. वाटणाऱ्याला स्वतःसाठी काहीच मिळणार नव्हते आणि आपल्या गटात कोण आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. तरीही पुष्कळ मुलांनी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, अशी वाटणी निवडली. ज्या गटांना इतिहासच नव्हता त्यांचे हे झाले. ज्यांच्यामागे शतकांचा अपमान किंवा शतकांचा मान आहे, त्यांच्या मनात काय होत असेल ते यावरून ताडता येईल. तुमच्याकडचा तोडगा मोडला, त्याचे कारण मला इथे दिसते. नाव वर की खाली, अक्षर मोठे की लहान, असा हिशेब ज्या तोडग्यात राहतो, त्यात कोण वरचढ ठरले याची मोजदाद तोडग्यानंतरही चालूच राहते.

आता काय करावे. दोन्ही बाजूंना लगेच समोरासमोर बसवण्याची घाई करू नका. अशा बैठकांना बसताना मी वारंवार पाहिले आहे की पहिल्याच संयुक्त बैठकीत माणसे समोरच्यासाठी बोलतच नाहीत. ती आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या पोरांसाठी बोलतात, आणि एकदा सर्वांदेखत बोललेला शब्द मागे घेणे कोणालाच परवडत नाही. म्हणून आधी स्वतंत्रपणे, थोड्या थोड्या माणसांशी बोला. त्यात पुढारी असतातच, पण बायका, तालमीतली आणि मंडळाची मुले, आणि दोन्हीकडची वयस्क माणसेही असू द्या. ‘काय हवे’ हे सर्वांना पाठ असते, ते विचारण्यात अर्थ नाही. ‘हे झाले नाही तर तुमचे काय जाईल असे वाटते’, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. संयुक्त बैठक शाळेत घ्या. देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या वाड्याच्या सोप्यावर नको, कारण तिथे कोणी कुठे बसायचे हे आधीच ठरलेले असते.

दुसरे काम कागदाचे आहे, आणि ते शिक्षक चांगले करू शकतात. कमानीची जागा कोणाच्या मालकीची आहे, ग्रामसभेचा ठराव काय सांगतो आणि त्या सभेला कोण हजर होते, हे ग्रामसेवकांकडून लेखी घ्या. सार्वजनिक रस्त्यावर आणि पदपथावर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे; तेव्हा नावाच्या आधी जागेचा प्रश्न सुटला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, याच ग्रामपंचायतीने मागच्या काळात इतरांच्या कमानींना, फलकांना, चौथऱ्यांना कोणत्या नियमाने परवानगी दिली ते पाहा. इतरांना बिनबोभाट मिळालेली परवानगी नेमकी वस्तीच्या वेळी कायद्यावर अडत असेल, तर वस्तीची तक्रार न्याय्य आहे, आणि ते तुम्ही ‘गावातली शांतता’ सांभाळण्यासाठी झाकून ठेवता कामा नये.

बोलणी सुरू झाली की विषय एका कमानीपुरता आवळून ठेवू नका. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. तुमच्या गावात तो अमलात आला आहे का? स्मशानभूमीचा रस्ता, अभ्यासिका, जत्रेच्या समितीत वस्तीचे स्थान, हे प्रश्न चर्चेत आले की कोंडी फुटण्याच्या जागा वाढतात. मात्र एक पथ्य पाळा. पाणी, रस्ता, स्मशान हे हक्काचे आहे आणि ते ‘नाव सोडा, मग देतो’ अशा सौद्यात कधीही घालू नका.

ठरेल ते लिहून काढा, ग्रामसभेत वाचा, आणि ठरल्याच्या दिवशी कोणीही गुलाल उधळणार नाही हेही त्यात लिहा. गावोगावी तोडगे मोडतात ते पुष्कळदा त्या संध्याकाळच्या मिरवणुकीने. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील तुमच्याच जिल्ह्यातील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गावाने गावातच बसून तंटा सोडवावा हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो, पण गावाच्या तंटामुक्ती समितीत कोण बसले आहे यावर सारे अवलंबून असते. तुमच्या समितीत वस्तीतील माणसे नावापुरती असतील, तर कमानीच्या आधी ती समिती नीट करा.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर मोबाइलवर दुसऱ्या धर्माविषयी वाईटसाईट मजकूर वाचतो आणि पुढे पाठवतो. विचारले तर म्हणतो, ‘आई, तुला इतिहास माहीत नाही.’ त्याचे वडील रागावले तर दोन दिवस जेवत नाही. पुसेसावळीचे झाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी त्याच्याशी कसे बोलू?
(एक आई, कराड)

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. पुसेसावळी हे खटाव तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले, जमाव प्रार्थनास्थळावर आणि दुकानांवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मोबाइलवरचा मजकूर खरा आहे की बनावट, तो कोणी टाकला, हे ठरायच्या आत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. जत तालुक्यातील लवंगा येथे सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने मारहाण केली. तिथे मारणारे आणि मार खाणारे एकाच धर्माचे होते. अफवेला धर्म लागत नाही, एवढे तरी मुलाला या प्रसंगावरून दाखवता येईल.

कायद्याची बाजू त्याला शांतपणे सांगा, धमकी म्हणून नको. धर्म, जात, भाषा अशा कारणांवरून गटांमध्ये वैर वाढवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्यासाठी कलम २९९ आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव आपोआप चालत नाही. गटाचा ॲडमिन सदस्याच्या प्रत्येक मजकुरासाठी जबाबदार धरला जातो अशी समजूत आहे, ती मात्र बरोबर नाही. समान हेतू असल्याखेरीज ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे. गुन्हा दाखल झालेल्या मुलाला पारपत्रासाठी, सरकारी नोकरीच्या चारित्र्यपडताळणीसाठी किती वर्षे खेटे घालावे लागतात, हे त्याला एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून ऐकू द्या.

पण खरे बोलणे इतिहासाविषयीच करावे लागेल, कारण त्याने दार तिथे लावून घेतले आहे. त्याच्याशी इतिहासावर वाद घालू नका. त्याच्याबरोबर इतिहास वाचा. प्रतापगड तुमच्याच जिल्ह्यात आहे. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीत अफझलखानाच्या बाजूने वकिली करणारा कृष्णाजी भास्कर होता, आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. ही गोष्ट सांगितल्याने महाराजांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. तो लढा दोन धर्मांच्या रयतेचा नव्हता, दोन सत्तांचा होता, एवढे त्यातून समजते.

वामिक वोल्कान या मूळच्या सायप्रसमधील मनोविकारतज्ज्ञाने याविषयी पुष्कळ लिहिले आहे. एखादा समाज आपल्या भूतकाळातील एखादा आघात निवडतो, पिढ्यान्‌पिढ्या जपतो, आणि पुढारी हवा तेव्हा तो ताजा करतात. मग शतकांपूर्वीचा शत्रू आणि आजचा शेजारी यांत माणसाला फरक करता येत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. सर्बियात, तुर्कांशी झालेल्या १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी, १९८९ मध्ये, तिथले पुढारी मिलोशेविच यांनी प्रचंड सभा घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत युगोस्लाव्हिया देशच यादवी युद्धांत फुटला आणि एकमेकांच्या शेजारी राहिलेल्या लोकांनी एकमेकांना मारले. तुमचा मुलगा वाचणारा आहे, त्याला हे वाचायला द्या.

ताई, त्याला हे सारे पटेलच असे नाही. त्या गटात त्याला काय मिळते याकडेही लक्ष ठेवा. कुणीतरी आपली वाट पाहते, आपल्याला काही काम देते, आपण शूर आहोत असे म्हणते, ही या वयात मोठी गोष्ट असते. ती त्याला ढोल पथकात, ट्रेकिंगच्या गटात किंवा पुराच्या वेळी मदतकार्यात मिळाली, तर मोबाइलवरची भूक थोडी कमी होईल. वडिलांनी रागावणे थांबवावे. जेवणाच्या पानावर हा विषय काढू नका.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात आरक्षणाच्या आंदोलनानंतर मुले वर्गात जातीप्रमाणे बसू लागली आहेत. दहावीपर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या मुली आता एकमेकींचे स्टेटस पाहून रडतात. सद्भावनेची शपथ घेतली, भाषणे झाली, फरक पडला नाही.
(एक मुख्याध्यापिका, सातारा)

उत्तर : बाई, शपथेने फरक पडणार नव्हता. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे एक शिबिर भरवले. मुले सारख्याच घरांतली होती. त्यांचे दोन गट केले, गटांत रस्सीखेच आणि चेंडूफळीच्या स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवले. त्याने भांडणे वाढली, मुलांनी अन्न एकमेकांच्या अंगावर फेकले. फरक पडला तो दोघांनाही अडलेली आणि एकट्याने न होणारी कामे समोर आली तेव्हा. पाण्याची टाकी बंद पडली, जेवण आणणारा ट्रक सुरू होईना आणि तो दोरीने ओढावा लागला. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडले की दोन समाजांची माणसे नुसती जवळ येऊन पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा त्या जागी सारखा असावा लागतो, हेतू एक असावा लागतो, काम मिळून करावे लागते, आणि संस्थेच्या वरिष्ठांचा त्याला स्पष्ट पाठिंबा लागतो.

आपल्या साताऱ्यात हे त्याच्याही आधी एका माणसाने करून दाखवले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवले. त्या काळात सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत आणि एका पंगतीला बसत. गांधीजी १९२७ मध्ये तिथे येऊन गेले. वसतिगृहाच्या खर्चासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की पंगतीच्या आधी तिथे सर्वांना सारखे काम होते. पाणी कोणी भरायचे हे जातीवर ठरत नव्हते. पंगत त्या कामातून आली, म्हणून ती टिकली.

तुमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते, प्रयोगशाळेतील जोड्या असतात, गॅदरिंग असते. जोड्या आणि तुकड्या शिक्षकांनी पाडाव्यात, मुलांवर सोडू नयेत, आणि त्या वर्षभर बदलू नयेत. काम असे द्या की ज्याच्यावाचून सर्वांचेच अडते. मुलांनीच मुलांसाठी शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जातप्रमाणपत्रांची कागदपत्रे भरून देण्याची खिडकी चालवली, तर कोणाला किती मिळते याविषयीच्या कितीतरी दंतकथा त्या खिडकीवरच संपतील.

आरक्षणावर बोलणे टाळू नका, पण माहितीवर बोला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील पन्नास टक्क्यांची मर्यादा, मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा, तो रद्द करणारा ५ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांसाठी केलेला नवा कायदा, आणि कुणबी नोंदींवरून इतर मागासवर्गीयांना वाटणारी धास्ती, हे सर्व एका तासात फळ्यावर मांडता येते. मग प्रत्येक मुलीला समोरच्या बाजूचे म्हणणे अशा रीतीने मांडू द्या की त्या बाजूच्या मुलीने म्हणावे, ‘हो, आमचे हेच म्हणणे आहे.’ ते जमेपर्यंत तिने आपले म्हणणे मांडायचे नाही. बोलता बोलता मुलींच्या लक्षात येईल की खासगी महाविद्यालयांची फी आणि रेंगाळलेली भरती यांचा जाच दोघींनाही सारखाच होतो.

आणि बाई, शिक्षकांच्या खोलीतही एकदा लक्ष घाला. मुले तिथले ऐकतात.

प्रश्न : आमच्याकडे दर वर्षी हिंदू-मुस्लिम ऐक्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. याचा खरोखर काही उपयोग असतो का?
(एक व्यापारी, मिरज)

उत्तर : उपयोग असतो, पण तेवढ्याने भागत नाही, आणि याचा पुरावा तुमचे शहरच आहे. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. १९३७ मध्ये वारलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मृतीला दरसाल मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात. जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत हिंदू मानकऱ्यांच्या सहभागाने उठतात, आणि वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. इतके सारे असूनही २००९ मध्ये मिरजेत दंगल झालीच.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातील भारतातील धार्मिक दंगलींचा अभ्यास केला. अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या त्यांनी घेतल्या. एकमेकांच्या सणाला जाणे, घरी जेवणे या रोजच्या घसटीपेक्षा, दोन्ही समाजांची माणसे ज्यांत एकत्र सभासद आहेत अशा संघटना, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, डॉक्टर-वकिलांच्या संस्था, पक्षांच्या शाखा, शहराला जास्त वाचवतात, असे त्यांना दिसले. त्यात माणसांचा पैसा आणि रोजचा व्यवहार अडकलेला असतो, त्यामुळे अफवा उठली की रात्री फोन करण्याची गरज दोघांनाही असते. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना वर्षभर किरकोळ कामांसाठी एकत्र बसवले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आपल्याकडील शांतता समितीची बैठक बहुधा सणाच्या तोंडावर होते आणि तिला दरवेळी तेच चेहरे येतात. तुम्ही व्यापारी आहात. सांगलीच्या हळद बाजारात, मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांत, रुग्णालयांत आणि हमालांच्या संघटनेत दोन्ही समाज रोज मिळून कमावतात. तुमच्या व्यापारी संघाच्या कार्यकारिणीत दुसऱ्या समाजाची माणसे किती आहेत, आणि त्यांच्याकडे कोणती जबाबदारी आहे, ते पाहा. अफवा आल्यावर बाजारपेठेतील कोणी कोणाला फोन करायचा हे नावांसकट, सण नसलेल्या महिन्यात ठरवून ठेवा.

प्रश्न : आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. जत्रेतील भांडणानंतर गावाने आमच्या चार घरांचे दळण, किराणा आणि मजुरी बंद केली. आम्ही पोलिसांत अर्ज दिला. आता गावातली वडीलधारी मंडळी रोज येऊन सांगतात, ‘अर्ज मागे घ्या, गावात राहायचे आहे ना?’ समेट करावा का?
(एक तरुण, जत तालुका)

उत्तर : भाऊ, समेटाला माझा विरोध नाही, पण तुमच्याकडे जे चालले आहे तो समेट नाही. एका बाजूच्या हातात गिरणी, दुकान आणि शेत असताना दुसऱ्या बाजूकडून घेतलेली संमती ही संमती नसते. तंटामुक्ती समितीला अशा गुन्ह्यावर पडदा टाकण्याचा अधिकारही नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे; जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो स्पष्टपणे घातला गेला, आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अनेक जण तुम्हाला राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा सांगतील. तो कायदा चांगला आहे, पण मुख्यतः आपल्याच जातीने किंवा जातपंचायतीने आपल्या माणसाला वाळीत टाकले तर तो कामाला येतो. तुमच्या बाबतीत अत्याचार प्रतिबंधक कायदाच लागू आहे, हे ठामपणे सांगा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने पक्के झाले आहे. तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा लागतो. तुमच्या अर्जावरून रीतसर गुन्हा नोंदला गेला आहे का, ते आधी पाहा. नसल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, तिलाही प्रत द्या. १४५६६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी याच कायद्यासाठी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

गिरणीवाला किंवा दुकानदार यांच्याशी वैर धरू नका, कारण त्यांनाही बहुधा धाक घातलेला असतो. मात्र कोणत्या तारखेला, कोणी, कोणासमोर नाही म्हटले, याची वही ठेवा. वडीलधारी मंडळी आली तर त्यांना बसायला द्या, चहा द्या आणि एकट्याने बोलू नका. चारही घरांची माणसे, त्यांत बायकाही, हजर असू द्या. गावातील सर्वांना बहिष्कार मान्य असतो असे क्वचितच घडते. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी ग्रामसभेत उभे राहून तसे सांगावे, एवढेच त्यांच्याकडे मागा. तक्रार मागे घेण्याची अट समेटात येऊ देऊ नका, आणि दळण, किराणा, मजुरी पूर्ववत चालू झाल्याचे चारही घरांना प्रत्यक्ष दिसेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका.